कर्नलमध्ये उपकरणाची मेमरी मॅप कशी करावी

प्रोसेसरने एखाद्या पत्त्यावर आकडा लिहिला, की तो दर वेळी रॅममध्येच जातो असे नाही. काही पत्त्यांच्या मागे रॅम नसून उपकरणाची रजिस्टरे, म्हणजे त्याच्या आतील छोट्या नियंत्रणाच्या जागा, असतात. तिथे लिहिलेला आकडा म्हणजे उपकरणाला दिलेला आदेश आणि तिथून वाचलेला आकडा म्हणजे उपकरणाने दिलेले उत्तर. या व्यवस्थेला मेमरी-मॅप्ड आयओ (इनपुट-आउटपुट) म्हणतात. १९७० साली आलेल्या पीडीपी-११ या संगणकात पत्त्यांच्या ६४ किलोबाइटपैकी सर्वांत वरचे ८ किलोबाइट उपकरणांसाठी राखलेले होते आणि त्यांच्यासाठी वेगळ्या सूचनाच नव्हत्या. एक्स८६ प्रोसेसरांमध्ये ६५,५३६ पोर्टांचा स्वतंत्र पत्तासमूह आणि त्यासाठीच्या ‘इन’ व ‘आउट’ या सूचना आजही आहेत. तरी नव्या उपकरणांचे जवळजवळ सगळे काम मेमरीच्या पत्त्यांवरूनच चालते.

अशा उपकरणासाठी ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा कोड, लिहिताना त्याची रजिस्टरे कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) आभासी पत्त्यांत, म्हणजे कोडला दिसणाऱ्या पण भौतिक पत्त्यांहून वेगळ्या पत्त्यांत, कशी आणावीत, ती कशी वाचावीत व लिहावीत, आणि काम संपल्यावर ते मॅपिंग कसे परत करावे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे. सर्व विवेचन लिनक्स कर्नल समोर ठेवून केले आहे. मॅपिंगचे फंक्शन एका ओळीत बोलावता येते, म्हणून हा विषय सोपा वाटतो; परंतु ते फंक्शन जो पॉइंटर परत करते तो दिसायला मेमरीचा असला तरी वागायला मेमरीचा नसतो, आणि ड्रायव्हरमधील बहुतेक त्रासदायक चुका हा भेद क्षणभर विसरल्यामुळेच होतात.

सरावासाठी खरे उपकरण हाताशी असण्याची गरज नाही. क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये ‘ईडीयू’ नावाचे एक पीसीआय उपकरण शिकण्यासाठीच दिलेले आहे; पीसीआय ही प्रोसेसर आणि उपकरणे यांना जोडणारी एक बस, म्हणजे सामाईक मार्ग, आहे. त्याचा उत्पादक क्रमांक हेक्समध्ये १२३४ आणि उपकरण क्रमांक ११ई८ असा आहे. त्याची रजिस्टरे १ मेगाबाइटच्या एका खिडकीत, म्हणजे पत्त्यांच्या सलग पट्ट्यात, मांडलेली आहेत आणि चुकीचा ड्रायव्हर फार तर आभासी यंत्र बंद पाडतो. पुढील बरीच उदाहरणे याच उपकरणाची घेतली आहेत.

पत्ता कुठून घ्यावा

उपकरणाचा भौतिक पत्ता ड्रायव्हरमध्ये आकडा म्हणून लिहून ठेवू नये. उपकरण कोणत्या बसवर आहे त्यानुसार तो पत्ता कर्नलला आधीच ठाऊक झालेला असतो आणि ड्रायव्हरने तो कर्नलकडूनच मागून घ्यावा.

पीसीआय उपकरणाच्या कॉन्फिगरेशन स्पेसमध्ये बेस ॲड्रेस रजिस्टरे, म्हणजेच ‘बार’, असतात. सामान्य उपकरणाला ३२ बिटांचे सहा बार मिळतात आणि ६४ बिटांचा पत्ता हवा असल्यास शेजारचे दोन बार मिळून एक धरला जातो. बारचा सर्वांत खालचा बिट शून्य असेल तर ती खिडकी मेमरीची आणि एक असेल तर पोर्टांची असते. खिडकी किती मोठी आहे हे शोधण्याची रीत मोठी सुरेख आहे. बारमध्ये सगळे बिट एक करून लिहायचे आणि परत वाचायचे. जे बिट उपकरण बदलू देत नाही ते शून्यच राहतात आणि त्यांवरून आकार कळतो. ईडीयूच्या पहिल्या बारवर हा प्रयोग केल्यास वरचे १२ बिट एक आणि खालचे २० बिट शून्य असे उत्तर येते, म्हणजे आकार दोनाचा विसावा घात, अर्थात १ मेगाबाइट. हे काम उपकरणांचा शोध घेताना कर्नल स्वतः करतो, म्हणून ड्रायव्हरने बारमध्ये स्वतः काही लिहू नये. ‘पीसीआय_रिसोर्स_स्टार्ट’ आणि ‘पीसीआय_रिसोर्स_लेन’ यांना विचारावे.

ज्या चिपवरील उपकरणे स्वतःची ओळख सांगू शकत नाहीत, त्यांचे पत्ते डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे कर्नलला दिल्या जाणाऱ्या उपकरणांच्या वर्णनात, ‘रेग’ या गुणधर्मात लिहिलेले असतात. क्यूईएमयूच्या ‘व्हर्ट’ या आर्म यंत्रात पीएल०११ प्रकारचा सिरीयल पोर्ट १४४ मेगाबाइटच्या पत्त्यापासून ४ किलोबाइट जागा व्यापतो, तर रॅम १ गिगाबाइटच्या पत्त्यापासून सुरू होते. ही दोन्ही माहिती कर्नलला डिव्हाइस ट्रीमधून मिळते. ड्रायव्हरने ‘प्लॅटफॉर्म_गेट_रिसोर्स’ वापरून ती मागावी. एसीपीआय (फर्मवेअरने दिलेले उपकरणांचे वर्णन) असलेल्या यंत्रांवर स्रोत वेगळा असला तरी ड्रायव्हरसमोर येणारी रचना तीच असते.

चिपच्या माहितीपुस्तिकेत छापलेला पत्ता थेट उचलण्याचा मोह अनेकांना होतो, म्हणून एक उदाहरण देतो. पहिल्या रास्पबेरी पायमध्ये वापरलेल्या बीसीएम२८३५ या चिपच्या पुस्तिकेत उपकरणांचे पत्ते हेक्समध्ये ७ई००००००पासून दिले आहेत. पण ते चिपमधील अंतर्गत बसचे पत्ते आहेत. आर्म प्रोसेसरला तीच उपकरणे हेक्स २०००००००पासून, म्हणजे ५१२ मेगाबाइटच्या खुणेपासून, दिसतात. पुढे रास्पबेरी पाय २ मध्ये ती खूण १००८ मेगाबाइटवर गेली. पुस्तिकेतील आकडा उचलून लिहिलेला ड्रायव्हर पहिल्याच चिपवर चालणार नाही आणि प्रोसेसरचा पत्ता शोधून लिहिलेला ड्रायव्हर दुसऱ्या चिपवर पडेल. डिव्हाइस ट्रीमधील ‘रेंजेस’ हा गुणधर्म बसचा पत्ता आणि प्रोसेसरचा पत्ता यांचा मेळ घालतो, त्यामुळे ड्रायव्हरला त्यात पडावेच लागत नाही.

मिळालेला पत्ता साठवताना ‘रिसोर्स_साइझ_टी’ किंवा ‘फिज_ॲडर_टी’ हा प्रकार वापरावा. ३२ बिटांच्या प्रोसेसरवरही भौतिक पत्ता ३२ बिटांहून मोठा असू शकतो आणि ‘अनसाइन्ड लाँग’मध्ये ठेवल्यास त्याचे वरचे बिट कोणतीही सूचना न देता गळून पडतात.

आधी ताबा, मग मॅपिंग

पत्ता कळला म्हणून लगेच मॅपिंग करू नये. आधी ‘रिक्वेस्ट_मेम_रीजन’ने, आणि पीसीआय असल्यास ‘पीसीआय_रिक्वेस्ट_रीजन’ने, त्या पट्ट्यावर आपले नाव लावून घ्यावे. या फंक्शनमुळे पेज टेबलमध्ये, म्हणजे आभासी पत्त्यामागचा भौतिक पत्ता सांगणाऱ्या तक्त्यात, काहीही बदलत नाही. हा पट्टा कोणाकडे आहे याची कर्नलच्या नोंदवहीत केवळ नोंद होते. दुसऱ्या ड्रायव्हरने तोच पट्टा मागितला तर त्याला नकार मिळतो. ही नोंद न करताही मॅपिंग यशस्वी होते आणि म्हणूनच ती टाळली जाते; पण दोन ड्रायव्हर एकाच रजिस्टरवर आलटून पालटून लिहू लागले, की होणारा बिघाड शोधणे फार अवघड जाते. ही नोंदवही ‘/प्रॉक/आयओमेम’ या फाइलमध्ये वाचता येते, मात्र रूट अधिकार नसल्यास पत्त्यांच्या जागी शून्ये दिसतात.

पीसीआय उपकरणाच्या बाबतीत याआधी आणखी एक पायरी आहे. ‘पीसीआय_इनेबल_डिव्हाइस’ बोलावल्याशिवाय उपकरण आपल्या मेमरी खिडकीवरील हाकेला उत्तर देईलच असे नाही, कारण कमांड रजिस्टरमधील मेमरीचा बिट तोवर बंद असू शकतो.

आता प्रत्यक्ष मॅपिंग. ‘आयओरीमॅप’ला भौतिक पत्ता आणि लांबी दिली, की ते कर्नलच्या आभासी पत्त्यांत मोकळी जागा शोधते, त्या जागेची पेज टेबलमधील नोंद उपकरणाच्या भौतिक पत्त्याकडे वळवते आणि आभासी पत्ता परत करते. मॅपिंग पूर्ण पेजांचेच, म्हणजे मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांचेच, होते. रजिस्टरे पेजच्या मधूनच सुरू होत असतील तर फंक्शन पेजच्या सीमेपासून मॅपिंग करून परतीच्या पत्त्यात तेवढे अंतर मिळवून देते, त्यामुळे ती बेरीज ड्रायव्हरने करायची नसते. हे फंक्शन झोपू शकते, म्हणजे मध्येच थांबून वाट पाहू शकते, म्हणून ते इंटरप्ट हँडलरमध्ये (उपकरणाने इशारा दिल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) किंवा स्पिनलॉक (ज्यात झोपता येत नाही असे कुलूप) धरलेला असताना बोलावू नये. उपकरण सापडते त्या वेळी, म्हणजे ‘प्रोब’मध्ये, एकदाच मॅपिंग करून पत्ता ड्रायव्हरच्या रचनेत जपून ठेवावा. पीसीआयसाठी ‘पीसीआय_आयओमॅप’ वापरावे. त्याला बारचा क्रमांक द्यावा आणि लांबीच्या जागी शून्य दिल्यास संपूर्ण बार मॅप होतो.

प्लॅटफॉर्म उपकरणांसाठी ‘डेव्हएम_आयओरीमॅप_रिसोर्स’ हे फंक्शन ताबा आणि मॅपिंग ही दोन्ही कामे एकत्र करते आणि ड्रायव्हर निघून जाताना दोन्ही आपोआप परत करते. नव्या ड्रायव्हरमध्ये शक्यतो हेच वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र एक फरक लक्षात असू द्यावा. साधे ‘आयओरीमॅप’ अपयशी झाल्यास नल पॉइंटर देते, तर हे फंक्शन चुकीचा क्रमांक पॉइंटरच्या रूपात गुंडाळून देते. तो नल नसतो, त्यामुळे नलच्या तपासणीतून तो सहज पार होतो आणि रजिस्टर वाचण्याच्या पहिल्याच प्रयत्नात कर्नल कोसळतो. तिथे तपासणी ‘इज_एरर’नेच करावी.

कॅशेचा प्रश्न

रॅमसाठी जे हिताचे तेच उपकरणासाठी घातक ठरते. पीएल०११ सिरीयल पोर्टचे डेटा रजिस्टर घ्या. त्यातून एकदा वाचले, की आत थांबलेल्या रांगेतील एक अक्षर बाहेर येते आणि रांगेतून कमी होते. प्रोसेसरने तो पत्ता कॅशेमध्ये, म्हणजे स्वतःजवळच्या वेगवान साठ्यात, ठेवला तर दुसऱ्यांदा वाचताना जुनेच अक्षर मिळेल. आणि प्रोसेसरने पुढचा अंदाज बांधून कोणी न मागताच तो पत्ता वाचला तर एक अक्षर कोणाच्याही हाती न लागता नाहीसे होईल. म्हणूनच ‘आयओरीमॅप’ पेज टेबलमध्ये नुसता पत्ता लिहीत नाही, तर हा पट्टा कॅशे करू नये आणि अंदाजाने वाचू नये, हेही नोंदवते. एक्स८६वर हे पॅट या, प्रत्येक पेजचा कॅशे प्रकार ठरवणाऱ्या, व्यवस्थेतून होते. ६४ बिटांच्या आर्मवर ‘डिव्हाइस’ प्रकारची मेमरी निवडली जाते. त्यात दोन लेखने जोडून एक केली जात नाहीत आणि एका उपकरणाकडे जाणाऱ्या हाकांचा क्रम बदलला जात नाही.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. स्क्रीनच्या फ्रेमबफरमध्ये लाखो पिक्सेल लिहायचे असतात आणि त्यांपैकी कोणता आधी पोहोचला याला महत्त्व नसते. अशा खिडकीसाठी ‘आयओरीमॅप_डब्ल्यूसी’ वापरावे, म्हणजे प्रोसेसर लहान लेखने साठवून एकत्र पाठवतो आणि वेग पुष्कळ वाढतो. पण नियंत्रणाची रजिस्टरे या प्रकाराने कधीही मॅप करू नयेत, कारण इथे लेखनांच्या क्रमाची हमी उरत नाही. एकाच बारमध्ये रजिस्टरे आणि मोठा बफर असे दोन्ही असतील, तर त्या दोन भागांचे वेगवेगळे मॅपिंग करावे आणि त्यांचे पट्टे एकमेकांवर येणार नाहीत याची खात्री करावी. एकाच भौतिक पत्त्याचे दोन वेगवेगळ्या कॅशे प्रकारांनी मॅपिंग करणे आर्मवर तर धोक्याचे आहेच, पण अन्यत्रही ते टाळावे.

जुन्या ड्रायव्हरांमध्ये ‘आयओरीमॅप_नोकॅश’ हे नाव दिसेल. ते पुढे साध्या ‘आयओरीमॅप’चेच दुसरे नाव होऊन राहिले होते आणि ५.६ आवृत्तीत काढून टाकले गेले. जुना कोड आणताना तिथे केवळ नाव बदलावे. याउलट मॅप करायची जागा खरोखर रॅमसारखी वागणारी असेल, उदाहरणार्थ फर्मवेअरने राखून ठेवलेला मेमरीचा तुकडा, तर ‘मेमरीमॅप’ (मेम-रीमॅप) हे फंक्शन त्यासाठी आहे आणि त्याने दिलेला पॉइंटर साध्या पॉइंटरसारखा वापरता येतो.

वाचणे आणि लिहिणे

मॅपिंगचा पॉइंटर हाती आला, की त्यावर तारांकन लावून थेट वाचण्याची सवय मोडावी लागते. ‘व्होलाटाइल’ लावले म्हणजे झाले, हा समज फार पसरलेला आहे. तो शब्द केवळ कंपायलरला आवरतो. प्रोसेसरचा क्रम, बाइटांचा क्रम आणि बसचे नियम यांना तो आवरत नाही. आयबीएमच्या एस३९० या मेनफ्रेम यंत्रांवर तर पीसीआय उपकरणाची खिडकी साध्या वाचन-लेखनाच्या सूचनांनी गाठताच येत नाही, तिच्यासाठी प्रोसेसरच्या खास सूचना आहेत. म्हणून ३२ बिटांच्या रजिस्टरसाठी ‘रीडएल’ आणि ‘राइटएल’, ८ बिटांसाठी ‘रीडबी’ आणि ‘राइटबी’, अशी त्यांच्यासाठीच नेमलेली फंक्शने वापरावीत. ‘रीडएल’ उपकरणाचा आकडा लिटल-एंडियन (खालचा बाइट आधी) समजते आणि प्रोसेसर बिग-एंडियन (वरचा बाइट आधी) असल्यास बाइट उलटवून देते. उपकरणच बिग-एंडियन असेल तर ‘आयओरीड३२बीई’ वापरावे. मोठा तुकडा हलवायचा असल्यास साध्या ‘मेमसीपीवाय’ऐवजी ‘मेमसीपीवाय_टूआयओ’ आणि ‘मेमसीपीवाय_फ्रॉमआयओ’ आहेत.

कर्नलने या पॉइंटरांवर ‘__आयओमेम’ अशी खूण ठेवली आहे. कंपायलर ती मानत नाही, पण ‘स्पार्स’ हे तपासणीचे साधन मानते आणि कोणी तो पॉइंटर साध्या मेमरीसारखा वापरला की तक्रार करते. बांधणी करताना ‘मेक’ला ‘सी=१’ दिले की ही तपासणी चालते. ती तक्रार कास्ट करून गप्प करू नये; दहांतल्या नऊ वेळा ती खरी असते, असा माझा अनुभव आहे.

आता ईडीयूवर पहिला प्रयोग करावा. खिडकीच्या सुरुवातीपासून अंतर शून्यवरील रजिस्टर वाचल्यास ओळखीचा आकडा मिळतो. त्याचा सर्वांत खालचा बाइट हेक्समध्ये ईडी, म्हणजे २३७, असतो. अंतर ४ वर कोणताही आकडा लिहावा आणि पुन्हा वाचावा, म्हणजे त्याचे सर्व बिट उलटे होऊन परत येतात. जे लिहिले तेच परत मिळेल ही मेमरीबद्दलची अपेक्षा इथे डोळ्यांदेखत मोडते, म्हणून मला हे रजिस्टर शिकवण्यासाठी फार आवडते. मात्र चाचणीसाठी शून्य लिहू नये. शून्याचे उलटे म्हणजे सगळे बिट एक, आणि पीसीआय बसवर उत्तर देणारे कोणी नसेल तेव्हाही सगळे बिट एक असाच आकडा मिळतो. त्यामुळे उपकरण जिवंत आहे की मुळात मॅपिंगच चुकले आहे, हे कळणार नाही. शिवाय ईडीयूची अंतर १२८च्या आतील रजिस्टरे ४ बाइटांनीच वाचता येतात. तिथे ‘रीडबी’ वापरले तर खरा आकडा मिळत नाही. खऱ्या उपकरणांतही रजिस्टरच्या रुंदीचे असेच नियम असतात आणि ते पुस्तिकेत बारकाईने पाहावेत.

दुसरा प्रयोग वाट पाहण्याचा. अंतर ८ वर संख्या लिहिली, की ईडीयू तिचा फॅक्टोरियल काढू लागते आणि तोवर अंतर ३२ वरील स्थिती रजिस्टरचा खालचा बिट एक ठेवते. ५ लिहून तो बिट शून्य होईपर्यंत थांबल्यास अंतर ८ वर १२० मिळतात. रजिस्टर ३२ बिटांचे असल्यामुळे १२ पर्यंतचीच उत्तरे खरी असतात. १३ चा फॅक्टोरियल ६,२२,७०,२०,८०० आहे आणि तो त्यात मावत नाही. अशी वाट पाहताना उघडे ‘व्हाइल’ लूप लिहू नये. उपकरण बिघडले तर ते लूप कधीच संपत नाही. ‘रीडएल_पोल_टाइमआउट’ला किती वेळाने पाहावे आणि किती वेळाने आशा सोडावी हे दोन्ही सांगता येते, झोपण्याची मुभा नसेल तिथे त्याचाच ‘ॲटॉमिक’ प्रकार घ्यावा.

आता सर्वांत फसवा भाग. पीसीआयवरील मेमरी लेखन ‘पोस्टेड’ असते, म्हणजे ‘राइटएल’ संपले तेव्हा आकडा प्रोसेसरकडून निघालेला असतो, पण उपकरणापर्यंत पोहोचलेला असेलच असे नाही. तो वाटेतील ब्रिजच्या बफरमध्ये थांबलेला असू शकतो. माझ्या एका ड्रायव्हरमध्ये प्रत्येक खऱ्या इंटरप्टनंतर एक रिकामा इंटरप्ट येत होता आणि त्याचे कारण शोधण्यात माझे दोन दिवस गेले. हँडलर उपकरणाला पोच देत होता आणि लगेच परतत होता. पोच वाटेत असतानाच प्रोसेसर मोकळा होत असे, उपकरणाची इंटरप्टची ओळ अजून वर असे आणि हँडलर पुन्हा बोलावला जात असे. उपाय एका ओळीचा निघाला. पोच लिहिल्यावर त्याच उपकरणाचे एखादे निरुपद्रवी रजिस्टर वाचले, की ते वाचन आधीच्या लेखनांना पुढे ढकलल्याशिवाय पूर्ण होत नाही.

हाच नियम विलंबाला लागू होतो. उपकरण रीसेट करून १० मायक्रोसेकंद थांबायचे असेल तर ‘राइटएल’नंतर थेट ‘यूडिले’ लावल्यास घड्याळ आकडा पोहोचण्यापूर्वीच सुरू होते. मध्ये एक ‘रीडएल’ घालावे. मात्र प्रत्येक लेखनामागे वाचन जोडण्याची सवय लावून घेऊ नये. वाचनासाठी प्रोसेसरला उपकरणापर्यंतची संपूर्ण ये-जा थांबून पाहावी लागते आणि ते लेखनापेक्षा कितीतरी महाग असते. जिथे वेळेचा किंवा इंटरप्टचा संबंध आहे तिथेच ते करावे.

रॅम आणि रजिस्टर यांच्यातील क्रमाचीही काळजी घ्यावी लागते. नेटवर्क कार्डासाठी रॅममध्ये डिस्क्रिप्टर (कामाचा तपशील सांगणारी नोंद) भरून मग ‘आता पाहा’ असे सांगणारे रजिस्टर लिहिले जाते. डिस्क्रिप्टर रॅममध्ये दिसण्यापूर्वी ती सूचना पोहोचली तर कार्ड अर्धवट माहिती उचलेल. साधे ‘राइटएल’ आधीची रॅममधील लेखने मागे राहू देत नाही, त्यामुळे तिथे वेगळे बॅरियर (क्रम राखायला लावणारी सूचना) लागत नाही. वेगासाठी ‘राइटएल_रिलॅक्स्ड’ वापरले, की ही हमी जाते आणि बॅरियरची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. पहिला ड्रायव्हर साध्या फंक्शनांनीच पूर्ण करावा. रिलॅक्स्ड प्रकार मोजमाप करून, गरज दिसली तरच आणावेत.

चिपवरील उपकरणांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आहे. त्यांचे क्लॉक किंवा वीज बंद असताना रजिस्टर वाचल्यास पीसीआयप्रमाणे सगळे एक मिळतीलच असे नाही. काही चिपांवर बस अडकून संपूर्ण यंत्र थिजते, तर काहींवर प्रोसेसरला अपवाद मिळून कर्नल थांबतो. म्हणून आधी क्लॉक सुरू करावे, मग रीसेट सोडावे आणि त्यानंतरच पहिले ‘रीडएल’ करावे.

वापरकर्त्याच्या प्रोसेसपर्यंत

काही वेळा रजिस्टरे किंवा बफर थेट वापरकर्त्याच्या प्रोग्रामला द्यावे लागतात. त्यासाठी ड्रायव्हर आपल्या फाइल ऑपरेशनमध्ये ‘एममॅप’ हे फंक्शन लिहितो. मुख्य काम ‘रीमॅप_पीएफएन_रेंज’ करते, पण ते मागितलेला पट्टा आपल्या उपकरणाचाच आहे का हे तपासत नाही. वापरकर्ता ऑफसेट आणि लांबी काहीही देऊ शकतो. ती तपासणी विसरली किंवा बेरजेतील ओव्हरफ्लो लक्षात घेतला नाही तर सामान्य प्रोग्रामला संपूर्ण भौतिक मेमरीची दारे उघडी होतात. म्हणून ‘व्हीएम_आयओमॅप_मेमरी’ वापरावे. त्याला उपकरणाचा भौतिक पत्ता आणि पूर्ण लांबी दिली, की सीमेची तपासणी ते स्वतः करते. त्याआधी ‘पीजीप्रॉट_नॉनकॅश्ड’ लावून वापरकर्त्याच्या मॅपिंगचाही कॅशे प्रकार कर्नलच्या मॅपिंगशी जुळवावा.

पेजच्या आकाराचा मुद्दा इथे सुरक्षेचा होतो. उपकरणाची रजिस्टरे २५६ बाइटांची असली तरी वापरकर्त्याला किमान एक पूर्ण पेज मिळते आणि ते पेज ४ किलोबाइटचे, तर काही आर्म यंत्रांवर ६४ किलोबाइटचेही असते. त्याच पेजमध्ये शेजारच्या उपकरणाची रजिस्टरे असतील तर तीही दिली जातात. अशा वेळी मॅपिंग देऊच नये, ‘आयओसीटीएल’मधून, म्हणजे ड्रायव्हरला ठरावीक आदेश देण्याच्या मार्गाने, मोजक्याच क्रिया उपलब्ध कराव्यात. केवळ प्रयोग करायचा असेल तर नवा ड्रायव्हरही लागत नाही. सिसएफएस (कर्नलची माहिती फाइलांच्या रूपात दाखवणारी व्यवस्था) यातील पीसीआय उपकरणाच्या फोल्डरमधील ‘रिसोर्स०’ ही फाइल रूट अधिकाराने एममॅप केली, की पहिला बार समोर येतो आणि ईडीयूचे वरील प्रयोग छोट्या प्रोग्राममधूनही करता येतात.

डीएमएसाठीची, म्हणजे उपकरणाने स्वतः रॅम वाचण्या-लिहिण्यासाठीची, मेमरी हा याच्या उलट दिशेचा विषय आहे, कारण तिथे उपकरण रॅमकडे पाहते. एवढेच ध्यानात ठेवावे की उपकरणाला द्यायचा पत्ता हा ना आभासी असतो ना खात्रीने भौतिक. मध्ये आयओएमएमयू, म्हणजे उपकरणाने दिलेले पत्ते बदलून देणारी यंत्रणा, असू शकते. ‘डीएमए_ॲलॉक_कोहेरंट’ प्रोसेसरसाठी एक आणि उपकरणासाठी दुसरा, असे दोन पत्ते देते आणि रजिस्टरमध्ये दुसराच लिहावा. उपकरणाला किती बिटांचा पत्ता कळतो तेही आधी सांगावे लागते. ईडीयू मूळ मांडणीत २८ बिटांचेच, म्हणजे २५६ मेगाबाइटपर्यंतचेच, पत्ते जाणते आणि ही मर्यादा सांगणारा मास्क न लावलेला ड्रायव्हर मोठ्या रॅमच्या यंत्रावर पडतो.

परतीचा क्रम

मॅपिंग काढताना प्रथम उपकरणाला शांत करावे, म्हणजे त्याचे इंटरप्ट आणि डीएमए बंद करावेत. मग ‘फ्री_आयआरक्यू’ने हँडलर सोडावा, ते फंक्शन चालू असलेला हँडलर संपेपर्यंत थांबते. टायमर आणि वर्कक्यू (नंतर करायच्या कामांची रांग) थांबवावेत. त्यानंतरच ‘आयओअनमॅप’ करावे. हा क्रम उलटला तर मॅपिंग गेल्यावर आलेला एखादाच इंटरप्ट नसलेला पत्ता वाचू पाहतो आणि असा बिघाड हजार वेळांतून एकदा होत असल्यामुळे चाचणीत सापडत नाही. पीसीआय उपकरणाच्या बाबतीत पुढे ‘पीसीआय_डिसेबल_डिव्हाइस’ आणि सर्वांत शेवटी ‘पीसीआय_रिलीज_रीजन’ करावे, म्हणजे उपकरण त्या पत्त्यांवर उत्तर देत असतानाच पट्टा दुसऱ्या कोणाला मिळत नाही. ‘डेव्हएम’ची फंक्शने घेतलेल्या गोष्टी घेतल्याच्या उलट क्रमाने सोडतात, त्यामुळे मॅपिंग आधी आणि ‘डेव्हएम_रिक्वेस्ट_आयआरक्यू’ नंतर बोलावले असेल तर हा क्रम आपोआप बरोबर लागतो.

चालू यंत्रातून उपकरण काढले जाण्याची शक्यता असेल तर आणखी दोन गोष्टी लागतात. वाचनातून सगळे बिट एक मिळाले, तर तो आकडा त्या रजिस्टरसाठी खरा असू शकतो का हे पाहावे आणि नसेल तर उपकरण गेले असे समजून काम थांबवावे; त्या आकड्याला रांगेची लांबी समजून लूप चालवणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. आणि वापरकर्त्याच्या प्रोसेसला दिलेले मॅपिंग ‘अनमॅप_मॅपिंग_रेंज’ने काढून घ्यावे. कर्नलने ‘आयओअनमॅप’ केले तरी वापरकर्त्याच्या पेज टेबलमधील नोंदी तशाच राहतात, आणि तोच भौतिक पट्टा पुढे नव्या उपकरणाला दिला गेला, तर जुना प्रोग्राम नकळत त्या नव्या उपकरणाच्या रजिस्टरांवर लिहीत राहतो.